गरम झाली की सुरू होत नाही : जुन्या प्लायमाउथ-डॉजचं उन्हाळी दुखणं

मार्च लागला की हा प्रश्न ठरलेला. सकाळी गाडी अर्ध्या सेल्फला सुरू होते, तास-दीड तास विनातक्रार चालते. चहाला थांबून दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवली की मग सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची वेळ येते. अर्धा-पाऊण तास बोनेट उघडं टाकून वाट पाहिली की काही झालंच नव्हतं अशा थाटात परत सुरू. दुसऱ्या दिवशी गॅरेजला न्यावी, तर मिस्त्रीसमोर एकदम शहाणी.

यावर भेटेल तो एकच औषध सांगतो : "व्हेपर लॉक आहे (म्हणजे पेट्रोलची नळीतच वाफ होऊन ते अडलंय), इलेक्ट्रिक पंप टाक." पंप बसतो, पैसे जातात आणि पुढच्या एप्रिलमध्ये गाडी परत टोलनाक्यापाशी उभी. याचं कारण सरळ आहे. बाहेरून अगदी सारखे दिसणारे चार वेगळे दोष असतात. त्यांना ओळखायच्या खुणा गाडी गरम असेपर्यंतच टिकतात, थंड झाली की पुसल्या जातात. म्हणून तपास रस्त्यावर, गाडी अडलेली असतानाच करायचा. गॅरेजमध्ये दुसऱ्या दिवशी होते ती अंदाजपंचे पार्टबदली.

आधी गाडी कोणती ते सांगतो. खालचं सगळं क्रायस्लर कंपनीच्या फ्लॅटहेड (व्हॉल्व्ह हेडऐवजी ब्लॉकमध्ये असलेल्या) सहा सिलिंडर इंजिनाबद्दल आहे, म्हणजे १९४० च्या दशकातल्या आणि पन्नाशीच्या सुरुवातीच्या प्लायमाउथ, डॉज, डिसोटो. वॉलचंद हिराचंदांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्यात याच गाड्या जोडायला घेतल्या होत्या, त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या उजव्या स्टेअरिंगच्या. आकडे १९५१ च्या प्लायमाउथचे धरले आहेत : २१७.८ घनइंच, ९७ अश्वशक्ती, कॉम्प्रेशन ७:१, कार्टरचा एका घशाचा कार्ब्युरेटर, ६ व्होल्टची बॅटरी आणि पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या अंगाला जोडलेलं). शेव्हरोले १९५५ मध्ये १२ व्होल्टवर गेली, फोर्ड आणि क्रायस्लर १९५६ मध्ये. त्यानंतरची गाडी असेल तर विजेचा भाग वाचताना एवढं लक्षात असू द्या. बाकी पेट्रोलचं भौतिकशास्त्र सगळ्यांना सारखंच.

अडली त्या जागी काय बघायचं

पहिली गोष्ट कानाने. सेल्फचा आवाज सकाळसारखाच आहे का? इंजिन सकाळच्याच वेगाने फिरतंय का? "घर्रर... घर्र... घ" असा रडका आवाज असेल तर पेट्रोलकडे बघूच नका, सरळ विजेच्या भागाकडे जा.

सेल्फ तरतरीत असेल तर किल्ली बंद करा आणि एअर क्लीनर काढा. तेलाचा असेल तर आडवा करू नका, सांडतो. आता कार्ब्युरेटरच्या घशात टॉर्चने बघत ॲक्सिलरेटरची दांडी हाताने एकदा ओढा. सिगारेट, काडेपेटी लांब ठेवा आणि तोंड वर असताना कोणाला सेल्फ मारू देऊ नका, बॅकफायर आला तर भुवया जातात.

दांडी ओढल्यावर पेट्रोलची बारीक, सरळ धार दिसली पाहिजे. धार नाही, घसा कोरडा, म्हणजे वाटी (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल साठायची जागा) रिकामी आहे. हा खरा व्हेपर लॉक, किंवा पेट्रोल पुढे न येण्याचं दुसरं काही कारण. उलट घसा ओला, आतून थेंब गळताहेत, कान दिला तर खदखदल्याचा आवाज आणि पेट्रोलचा डोक्यात जाणारा वास, तर पेट्रोल वाटीतच उकळून खाली इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्यांत) उतरलंय. इंजिन उपाशी नाही, तुडुंब भरलंय. धारही नीट आहे, वासही नाही, तर प्लगला करंट येतोय का ते बघायचं.

एवढ्या पाहणीला पाच मिनिटं पुरतात. जे दिसलं ते फोनमध्ये लिहून ठेवा, गाडी किती वेळ बंद होती तेही. हा वेळ महत्त्वाचा आहे. इंजिन बंद केलं की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं आणि ओतीव लोखंडात साठलेली उष्णता वर चढत कार्ब्युरेटरपर्यंत जाते. बंद केल्यावर पुढची दहा ते वीस मिनिटं कार्ब्युरेटर चालत्या गाडीपेक्षाही गरम असतो. दोन मिनिटांत सुरू होते, पंधरा मिनिटांनी होत नाही, तासाभराने होते असा नमुना असेल तर संशय उष्णतेवरच घ्यायचा. दोन मिनिटांनीही अडत असेल तर कॉइल आणि सेल्फकडे आधी बघा.

घसा ओला : पेट्रोल वाटीत उकळतंय

माझ्या पाहण्यात या इंजिनावर हाच प्रकार सगळ्यात जास्त येतो, आणि व्हेपर लॉक म्हणून सर्रास खपतो. इलेक्ट्रिक पंपाने तो वाढतो, कारण भरलेल्या इंजिनात आपण आणखी पेट्रोल ढकलतो.

रस्त्यावरचा उपाय : चोक पूर्ण उघडा आहे याची खात्री करा, ॲक्सिलरेटर एकदाच तळापर्यंत दाबा आणि तसाच धरून सेल्फ मारा. पंपिंग करायचं नाही. प्रत्येक वेळी पाय दाबला की नवी धार आत जाते. काळा धूर सोडत सुरू झाली तर निदान पक्कं.

कायमच्या उपायासाठी या इंजिनाची मांडणी समजून घ्यावी लागेल. इनटेक आणि एग्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला, एकावर एक बसलेले आहेत. दोघांच्या मधे, कार्ब्युरेटरच्या बरोबर खाली, एक झडप आहे. इंजिन थंड असताना ती जळालेला गरम वायू वर इनटेकच्या तळाशी फिरवते, म्हणजे मिशिगनच्या हिवाळ्यात पेट्रोलची नीट वाफ व्हावी. इंजिन तापलं की स्प्रिंग सैल होते, झडप फिरते आणि वायू सरळ सायलेन्सरकडे जातो. सत्तर वर्षांत ही झडप गंजून अडकलेली नसेल तर नवल. आणि थंडीच्या जागी अडकली असेल तर अकोल्याच्या मे महिन्यात तुम्ही कार्ब्युरेटरखाली शेगडी पेटवून फिरताय.

झडपेच्या शाफ्टवरचं बाहेरचं वजन हाताने हलतंय का ते थंड इंजिनावर बघा. नसेल तर गंज सुटायचं तेल दोन-तीन दिवस देत राहा आणि शाफ्टच्या टोकाला दोन्हीकडून हलके ठोके द्या, जोर लावला तर ओतीव कान तुटतो. स्प्रिंग मेलेली असेल तर मी झडप तापलेल्या इंजिनाच्या जागी, म्हणजे वायू सरळ सायलेन्सरकडे जाईल अशी, तारेने बांधून टाकायच्या मताचा आहे. मूळपणाचा आग्रह असणाऱ्यांना हे पटत नाही, पण आपल्या हवेत तिची गरज हिवाळ्यातल्या पहिल्या दहा मिनिटांपुरती, आणि तेवढं काम चोकवर भागतं.

त्यानंतर कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डच्या मधे बेकेलाइटचा किंवा तशाच उष्णतारोधक पदार्थाचा स्पेसर, ६ ते १० मिमी जाडीचा, दोन्ही बाजूंनी पॅकिंग घालून. ॲल्युमिनियमचा स्पेसर कोणी दिला तर परत करा, तो उष्णता अडवत नाही, वर पोहोचवतो. स्टड लांब लागतील, ॲक्सिलरेटरची दांडी परत जुळवावी लागेल आणि एअर क्लीनर बोनेटला लागत नाही ना हे बोनेट हळूच टेकवून बघा.

वाटीची पातळी आणि नीडलची (वाटी भरली की पेट्रोल अडवणाऱ्या सुईची) बसकही तपासा. पातळी आधीच वर असेल तर उकळायला निमित्त लागत नाही. नवा पंप टाकल्यानंतर त्रास सुरू झाला असेल तर पेट्रोलच्या नळीत टी जोड लावून दाब मोजा. साडेतीन ते साडेपाच पीएसआयच्या दरम्यान हवा. त्याहून जास्त असेल तर नीडल दाबाला हार मानते आणि पेट्रोल वर चढत राहतं.

घसा कोरडा : खरा व्हेपर लॉक

टाकी मागे, पंप पुढे इंजिनावर, एग्झॉस्ट मॅनिफोल्डच्या खालच्या अंगाला. म्हणजे पंप सगळ्या लांबीतून पेट्रोल ओढतो. ओढताना नळीत दाब कमी होतो आणि दाब कमी झाला की द्रव कमी तापमानाला उकळतो. वाफ झाली की पंपाचा पडदा वाफच दाबत-सोडत बसतो, पेट्रोल पुढे सरकत नाही.

पेट्रोलही बदललंय. २०२५ पासून आपल्याकडच्या बहुतेक पेट्रोल पंपांवर २० टक्के एथेनॉलचं पेट्रोल आहे. शुद्ध एथेनॉल ७८ अंशांना उकळतं, तरी पेट्रोलमध्ये थोड्या प्रमाणात मिसळलं की मिश्रणाची वाफ होण्याची ओढ कमी न होता वाढते. आणि आजचं पेट्रोल टाकीतच पंप असलेल्या, दाबाखाली चालणाऱ्या इंजेक्शनच्या गाड्यांसाठी बनतं. १९५१ च्या ओढणाऱ्या पंपाचा विचार कोण करणार! जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल भरून हा प्रश्न सुटत नाही. ७:१ कॉम्प्रेशनला त्याची गरजही नाही.

पंपाला दोष द्यायच्या आधी फुकटचं एक काम करा. गाडी अडली की टाकीचं झाकण उघडा. "फुस्स" करून हवा आत गेली तर झाकणाचं किंवा टाकीचं हवेचं भोक बुजलंय, पंप बिचारा बंद टाकीशी झगडतोय. रंगकाम करताना किंवा दुसऱ्या गाडीचं झाकण बसवताना हे हमखास होतं.

मग चासीवरच्या नळीपासून पंपापर्यंतचा रबरी होस. ओढीच्या बाजूला होस चिरला तर पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत जाते, म्हणून खाली डाग दिसत नाही आणि कोणी तिकडे बघत नाही. तडा गेलेल्या स्ट्रॉने उसाचा रस ओढून पाहा, कळेल. जुन्या रबराला एथेनॉल चालत नाही, ते फुगतं, मऊ होतं, आतून सोलून निघतं. होस, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची नीडल ही तिन्ही एथेनॉल सोसणाऱ्या मालाची एकदाच घ्या. बाहेरून चकचकीत दिसणारा होस दहा वर्षांपूर्वीचा असेल तर तो जुनाच.

पंपाच्या आणि मॅनिफोल्डच्या मधे कंपनीने पत्र्याची एक ढाल दिलेली असे. इंजिन खोलताना ती काढली जाते आणि पुन्हा लावायची राहते. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत ती नाहीच. पत्रा कापून बनवणं अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि माझ्या मते इलेक्ट्रिक पंपाच्या आधी यावर पैसे घालवावेत. त्याच वेळी पेट्रोलची नळी एग्झॉस्टला कुठे चिकटून जाते ते गाडीखाली झोपून बघा. पंप आणि कार्ब्युरेटरच्या मधे, मॅनिफोल्डवर लोंबणारा प्लास्टिकचा फिल्टर दिसला तर आजच काढा. तो मागे टाकीजवळ टाका. तापतोही, आणि फुटला तर आग लागते.

पंपावर ओलं फडकं टाकायची जुनी युक्ती खोटी नाही. खंडाळ्याच्या घाटात पूर्वी ती रोज दिसायची. अमेरिकेत लोक नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावत, त्याचा उपयोग होतो असं मला कधी वाटलं नाही. ओल्या फडक्याचा खरा फायदा निदानाला : फडक्याने दोन-तीन मिनिटांत सुरू झाली तर दोष पंपापाशीच आहे. पाणी मॅनिफोल्डवर मात्र उडवू नका, तापलेलं ओतीव लोखंड तडकतं.

हे सगळं करूनही घसा कोरडा राहत असेल तर इलेक्ट्रिक पंप. टाकीजवळ, खाली, कमी दाबाचा, ६ व्होल्टचा आणि पॉझिटिव्ह अर्थला चालणारा. काही इलेक्ट्रॉनिक पंप उलट जोडणीने जागीच जळतात. अपघातात किंवा इंजिन बंद पडल्यावर आपोआप थांबेल असा स्विच त्यावर हवाच. जुना मेकॅनिकल पंप तसाच ठेवणार असाल तर त्याचा पडदा नवा असू द्या, कारण तो फाटला तर मागचा पंप पेट्रोल थेट ऑइलच्या चेंबरमध्ये ढकलतो. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर इंजिन फिरवायचंच नाही.

सेल्फ रडतोय

हा दोष नव्याने रिस्टोअर केलेल्या, रंगाने झळकणाऱ्या गाड्यांत जास्त आढळतो, आणि त्याचं कारण तोच रंग. चासी पावडर कोट केली, इंजिनला कंपनीच्या छटेचा रंग दिला, बोल्ट नवे लावले. अर्थच्या पट्टीखाली मात्र धातूऐवजी रंग.

६ व्होल्टला तेवढंच काम करायला १२ व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, आणि त्याच जाडीच्या तारेत नुकसान चौपट होतं. बाजारात सहज मिळणाऱ्या बॅटरीच्या केबल १२ व्होल्टच्या गाड्यांच्या असतात. दिसायला ठीक, पण आत तांबं कमी. इथे ० किंवा ०० गेजची, अंगठ्याएवढी जाड केबल लागते. वेल्डिंगच्या दुकानातून तांब्याची केबल घेऊन टोकांना लग (बोल्टला बसणारी धातूची कडी) दाबून घ्या.

मोजायचं असं. कॉइलची मधली जाड वायर काढून अर्थ करा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, क्लॅम्पवर नव्हे. दुसरं सेल्फच्या मोठ्या बोल्टवर. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर मधे कुठेतरी व्होल्टेज वाया जातंय. मग पॉझिटिव्ह खांब ते सेल्फचं अंग, पुन्हा तेच. सेल्फ फिरत असताना खुद्द बॅटरीवर ५ व्होल्टच्या आसपास राहिलं पाहिजे. हे मोजमाप गरम इंजिनावर करा, थंड असताना सगळं ठीकच दिसतं. अर्थची पट्टी बॅटरीपासून थेट इंजिनाला, खालचा रंग कानशीने खरवडून.

केबल उत्तम आणि तरीही गरम असतानाच जड फिरत असेल तर सेल्फचे बुश झिजलेत, आर्मेचर (सेल्फमधला फिरता भाग) आत घासतंय. किंवा टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) फार पुढे आहे आणि इंजिन सेल्फला उलटा धक्का देतंय. बुश बसवणारा चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन आजही मिळतो.

८ व्होल्टची बॅटरी टाकायचा सल्ला सर्रास मिळतो. मला तो पटत नाही. बल्ब उडतात, कटआउट (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा डबा) नव्याने जुळवावा लागतो, आणि खराब अर्थ झाकला जातो, बरा होत नाही.

करंट नाही

थोडक्यात. गरम झाल्यावर दगा देतो तो बहुधा कंडेन्सर, मग कॉइल. गॅरेजमध्ये तपासायचं तर चालू इंजिनाच्या डेल्कोवर (प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर), कंडेन्सरपाशी, हेअर ड्रायर धरा. मिसिंग सुरू झालं तर सापडला. पॉइंटची (डेल्कोतल्या उघडझाप करणाऱ्या संपर्काची) गॅप ०.५ मिमी. डेल्कोच्या आत हलत्या पत्रीला जाणारी छोटी वायर बघा, तिचं आवरण फाटून कडेला टेकते. कॉइल ६ व्होल्टचीच आहे ना, हे तिच्यावर वाचा. दुकानदार १२ व्होल्टची देतो आणि थंडीत ती कशीबशी चालूनही जाते. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत कॉइलचं प्लस टोक डेल्कोकडे आणि मायनस किल्लीकडे जातं. उलटं जोडलं तर गाडी चालते, पण ठिणगी कमजोर पडते.

तरीही दरवर्षी परत येत असेल तर

स्पेसर टाकला, ढाल लावली, होस नवे, अर्थ पक्का, आणि तरी पुढच्या उन्हाळ्यात तेच. तेव्हा प्रश्न पेट्रोलचा नसून इंजिनाला लागणाऱ्या आचेचा असतो. फ्लॅटहेड क्रायस्लरमध्ये त्याची एक ठरलेली जागा आहे, आणि ही इंजिनं कधी न उघडलेल्या मिस्त्रीला ती सहसा माहीत नसते.

वॉटर पंपाच्या मागे, ब्लॉकच्या आत, जवळजवळ पूर्ण लांबीची पत्र्याची एक चपटी नळी सरकवलेली असते. तिला ठरावीक अंतरावर फटी असतात आणि त्या एग्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीकडे तोंड करून असतात. या इंजिनात व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असल्याने सगळ्यात जास्त आच तिथे. पंपाचं थंड पाणी आधी मागच्या सिलिंडरपर्यंत पोहोचावं हे त्या नळीचं काम. पत्रा लोखंडी, वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी आणि कूलंट नाही, त्यामुळे ती सडते. मग पाणी पुढच्या पुढे जवळच्या वाटेने रेडिएटरला परत जातं आणि पाचवा-सहावा सिलिंडर भाजत राहतो. त्याच्या शेजारचा मॅनिफोल्ड, पंप, कार्ब्युरेटर सगळेच तापतात.

ओळखायला इन्फ्रारेड थर्मामीटर पुरतो. वीस मिनिटं आयडलवर ठेवून हेडच्या खाली ब्लॉकच्या कडेने पुढून मागे बिंदू मोजत जा, मॅनिफोल्डचा लोखंडी भाग टाळून. मागचं टोक पुढच्यापेक्षा १५ अंशांनी किंवा जास्त तापलेलं दिसलं तर नळीवर संशय घ्या.

काढायची तर रेडिएटर उतरवायचा, वॉटर पंप काढायचा आणि टोकाला आकडा केलेल्या सळईने नळी ओढायची. नशीब असेल तर अख्खी येते. बहुतेकदा तुकडे येतात. ते फेकू नका, फटींची जागा आणि दिशा त्यावरूनच कळते. पाठोपाठ ब्लॉकच्या बाजूचे कोअर प्लग (पाण्याच्या पोकळीवरची पत्र्याची झाकणं) काढून आतला गाळ तारेने खरवडा. मागच्या प्लगमागे लाल चिखल घट्ट बसलेला असतो, नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने तो हलत नाही. नवी नळी पितळी किंवा स्टेनलेसची घ्या आणि घालताना फटी व्हॉल्व्हकडेच आहेत हे दोनदा बघा. उलटी बसली तर एवढं काम परत.

इंजिन उघडलंच आहे तर टायमिंगही बघून घ्या. टायमिंग मागे असेल तर जळण उशिरा होतं आणि मॅनिफोल्ड लालबुंद होतो. डेल्कोच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा (इंजिनाच्या ओढीवर टायमिंग पुढे नेणाऱ्या भागाचा) पडदा फाटला असेल तरी तेच. उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाकायची आपल्याकडची सवय मला मान्य नाही, तो जागेवर असू द्या. आणि रेडिएटरला आजच्या गाडीची १३-१५ पीएसआयची कॅप लावू नका. त्या काळचे रेडिएटर इतका दाब धरायला बनवलेलेच नव्हते, सांधे उकलतात.

दुरुस्ती झाली की खातरजमा एप्रिलच्या दुपारी करायची. तासभर चालवा, शेवटी चढ किंवा सिग्नलची गर्दी असलेला रस्ता घ्या, मग बोनेट बंद ठेवूनच पंधरा मिनिटं सावलीशिवाय उभी करा आणि पाय न पंपता सेल्फ मारा. पाच सेकंदांत घेतली तर काम झालं. नाही घेतली तर एअर क्लीनर काढा आणि घशात बघा.